जंगल परतले, पण करार कुणाशी झाला? मिसिसिपीच्या काठावरून आपल्या गायरानाकडे पाहताना

१९२७ हे साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर महिनाभरात, २१ एप्रिलला, अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध माउंड्स लँडिंग या ठिकाणी फुटला. ग्रीनव्हिल शहर आणि भोवतालचा सारा कापूसपट्टा पाण्याखाली गेला. हजारो कृष्णवर्णीय मजूर, बायकापोरांसह, उरलेल्या बांधाच्या माथ्यावर अडकले. बोटी आल्या, गोऱ्या कुटुंबांना घेऊन गेल्या. काळ्यांना मात्र मळेवाल्यांनी जाऊ दिले नाही. हा मजूर एकदा गेला तर परत येणार नाही आणि कापूस वेचायला कुणी उरणार नाही, ही त्यांची भीती होती. बंदुकीच्या पहाऱ्यात काळ्यांकडून बांधाची कामे करून घेतली गेली. आपल्याकडे एका समाजाला पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, तिकडे एका समाजाला पाण्यातून बाहेर पडू दिले जात नव्हते.

आज त्याच नदीच्या खोऱ्यात जंगल परत लावले जात आहे. नदीकाठचे जंगल पुन्हा उभे करण्याच्या जगातल्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक. पर्यावरणाच्या पुस्तकांत त्याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण आम्ही हा इतिहास वेगळ्या कारणासाठी मांडत आहोत. नदीकाठी झाडे लावण्याच्या योजना आता आपल्या गावांतही येत आहेत. अशा योजनेत कुणाशी करार होतो आणि कुणाला नोटीस मिळते, हे आपण वेळीच समजून घेतले पाहिजे.

जंगल कुणी तोडले, जमीन कुणाची झाली?

मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात एकेकाळी सुमारे अडीच कोटी एकर जंगल होते. ओक, सायप्रस, ट्युपेलो अशी झाडे, दरवर्षी पुराचे पाणी अंगावर घेणारी. हे जंगल आधी गुलामांनी तोडले. १८६५ मध्ये गुलामी संपली तेव्हाही डेल्टाचा फार मोठा भाग जंगल आणि दलदलच होता. मग मुक्त झालेले काळे लोक तिथे आले. दलदलीची, हिवतापाची, कुणाला नको असलेली जमीन त्यांनी साफ केली आणि पै पै साठवून विकतही घेतली. १८८७ मध्ये पूर्वाश्रमीच्या गुलामांनी असेच जंगल तोडून माउंड बायू हे स्वतःचे गाव वसवले. विसाव्या शतकाच्या तोंडावर डेल्टात स्वतःची शेती असणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश शेतकरी काळे होते.

मग ही जमीन गेली कुठे? १८९० च्या राज्यघटनेने मिसिसिपीत काळ्यांचे मत हिरावून घेतले. ज्याला मत नाही त्याच्या बाजूने ना तहसील उभे राहते, ना कोर्ट, ना बँक. कापसाचे भाव पडले, सावकारी वाढली, जमिनी गहाण पडल्या. कालचा मालक अर्धेलीने कसणारा वाटेकरी झाला. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. शतक संपता संपता ते वीस हजारांच्याही खाली आले. फॅनी लू हेमर यांनी १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या ज्या मळ्यावर राबत होत्या तिथून त्यांना हाकलण्यात आले. मत मागितले की घर जाते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला बहिष्कार म्हणतात. हेमरबाईंनी १९६९ मध्ये ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. भूमिहीनांना जमीन मिळावी हा तिचा उद्देश होता. पैशाअभावी सत्तरच्या दशकातच ती बंद पडली.

जंगल परत आणण्याचा करार

१९६० आणि ७० च्या दशकांत सोयाबीनचे भाव चढले आणि उरलेसुरले जंगलही बड्या जमीनदारांनी साफ केले. अडीच कोटी एकरांपैकी जेमतेम पन्नास लाख एकर उरले. पण खोलगट जमिनीत पूर येतच राहिला, पीक बुडतच राहिले. शेवटी १९८५ च्या शेती कायद्याने पाणथळ जमीन मोडणाऱ्यांची सरकारी मदत रोखायला सुरुवात केली, आणि १९९० च्या कायद्याने पाणथळ जमीन राखण्याची योजना आणली.

ही योजना नीट समजून घ्या. सरकार जमीन ताब्यात घेत नाही. जमीन मालकाच्याच नावावर राहते. तो फक्त ‘इथे पुन्हा नांगर घालणार नाही’ एवढा हक्क सरकारला विकतो, ३० वर्षांसाठी किंवा कायमचा. त्याचा मोबदला त्याला मिळतो. कायमचा करार असेल तर जंगल उभे करण्याचा शंभर टक्क्यांपर्यंत खर्च सरकारचा, ३० वर्षांचा असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मालकाकडेच राहतो. शिकारीसाठी जागा भाड्याने देऊन तो वर पैसेही कमावतो.

काम कसे होते? पाणी काढून नेणारे चर बुजवले जातात, म्हणजे पाणी पुन्हा साचू लागते. मग हिवाळ्यात बारा-बारा फुटांवर, एकरी सुमारे तीनशे रोपे लावली जातात. सुरुवातीला मुख्यतः ओकच लावले, कारण ओकचे बी जड असते, ते वाऱ्याने येत नाही. बाकीची झाडे वाऱ्याने, पुराने आपोआप येतील असा हिशोब होता. तो सगळीकडे जमला नाही, म्हणून पुढे अनेक जातींची झाडे एकत्र लावू लागले. वनखाते, वन्यजीव विभाग, संस्था, लाकूड कंपन्या आणि जमीनमालक एका टेबलाभोवती बसले. लुइझियानाच्या काळ्या अस्वलासाठी १९९० मध्ये अशीच समिती बनली. १९९२ मध्ये धोक्यातील प्राणी म्हणून नोंदलेले हे अस्वल २०१६ मध्ये त्या यादीतून बाहेर आले. लाखो एकरांवर आज पुन्हा झाडे उभी आहेत.

हे यश आम्ही नाकारत नाही. जमिनीवर ज्याचा ताबा होता त्याला विचारले, त्याच्याशी लेखी करार केला, त्याला मोबदला दिला, त्याचा हक्क राखला. म्हणून त्याने जंगल राखले. ज्याच्या घराण्याने जंगल मोडून सोयाबीन पेरले, त्यालाही गुन्हेगार न ठरवता भागीदार केले.

पण टेबलाभोवती कोण नव्हते? करारासाठी जमिनीचे कागद निर्विवाद लागतात. काळ्या कुटुंबांकडे जी थोडी जमीन उरली, तिच्यातली बरीचशी मृत्युपत्राविना वारसांकडे आलेली. कागदावर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव, हिस्सेदार पन्नास, निम्मे शिकागोला गेलेले. अशा जमिनीवर ना कर्ज मिळे, ना सरकारी योजना. उलट एकाच हिस्सेदाराचा वाटा विकत घेऊन कोर्टातून सगळी जमीन लिलावात काढता येत असे. हे रोखण्यासाठी नमुना कायदा तयार झाला तो २०१० मध्ये. कृषी खात्याने कर्जवाटपात काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केला, या दाव्यात तडजोड झाली ती १९९९ मध्ये. आणि ज्या मजुरांच्या आजोबांनी ते जंगल तोडले, बांध घातले, त्यांच्या नावावर जमीनच नव्हती. मग करार कुणाशी होणार?

आता आपल्या गावाकडे

अमेरिकेचा अनुभव आपल्यासाठी परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवला. टेनेसीचे पाणी शेवटी मिसिसिपीलाच मिळते. आणि त्याच टेनेसी योजनेने वसवलेल्या नॉरिस या आदर्श गावात काळ्यांना घर मिळत नव्हते. म्हणजे योजना चांगली असूनही तिच्यात वर्णभेद राहू शकतो. आपल्याकडच्या योजनेत जातिभेद राहू शकत नाही असे कोण म्हणेल?

२०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडांची उद्दिष्टे ठरली. एवढ्या झाडांना जागा लागते. ती बागायतदाराच्या उसात निघत नाही. ती निघते गायरानात, पडीकात, नदी-नाल्याच्या काठी. आणि तिथे कोण कसत असते? वतने गेली, जमीन मिळाली नाही, म्हणून १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये ज्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्यांचीच मुले-नातवंडे. बागायतदाराच्या बांधाला हात लावायचा तर आधी बैठक, मग अनुदान. गायरानधारकाला मात्र थेट नोटीस. वर पर्यावरणाचा शत्रू हा शिक्का.

आमचा झाडांना विरोध नाही. नदी आटली तर पहिली घागर आपल्याच वस्तीची रिकामी राहते. आमचे म्हणणे एवढेच आहे की मिसिसिपीच्या मळेवाल्याला जो न्याय लावला तोच गायरानधारकाला लावा. त्याचा ताबा मान्य करा, त्याच्याशी लेखी करार करा, झाडे जगवण्याचा मोबदला त्याला द्या.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी आधी कागद गोळा करावेत. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे. १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० ही तारीख आहे, त्याआधीचा ताबा दाखवणारा प्रत्येक कागद जपा. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा धाक दाखवला जातो. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर तो अपवाद त्याच निकालात आहे, हे समोरच्याला वाचून दाखवा. वतनाच्या जमिनीवर आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद आजच लावा, बहिणींच्या नावांसकट. आणि गावात वृक्षलागवडीची योजना आली तर ग्रामसभेत लेखी विचारा: चारा कुणाचा, फळ कुणाचे, राखणीची मजुरी किती वर्षे आणि कुणाला?

खड्डे खणायची मजुरी आपल्याला नेहमीच मिळाली आहे. आता करारावर सही करण्याचा हक्क मागायचा आहे.

जय भीम!