मारिओ आमच्याकडे हळू का पळायचा? टीव्ही, मॉनिटर आणि कन्सोलच्या रेषांचा इतिहास

ऐकणाऱ्यांसाठी हा भाग आहेच, पण ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचेत त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न कुठला माहितीये? "दादा, २७ इंची मॉनिटर घेतलाय, २के आहे, पीएस५ लावला तर नीट दिसेल ना?" किंवा, "घरचा ३२ इंची टीव्ही आहे, त्यावर कन्सोल घेऊन उपयोग आहे का?" मी लोणी देवकरचा. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे आमचं गाव, एमआयडीसीमुळे आता बऱ्याच जणांना माहिती झालेलं. इथं पोरं कंपनीत लागतात, पाच-सहा महिने पगार साठवतात आणि मग एक वस्तू घेतात. त्यात चूक झाली तर ती निस्तरायला अजून पाच-सहा महिने जातात. म्हणून या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देण्यापेक्षा त्याचा इतिहास सांगतो. इतिहास कळला की उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल.

विजेच्या खांबापासून सुरुवात

आपल्याकडे टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाला. मुंबईला तो आला २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुण्याला पुढच्या वर्षी, सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे. रंगीत चित्र आलं १९८२ ला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. यात एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली होती. आपलं चित्र ६२५ रेषांचं, आणि सेकंदाला ५० वेळा पडद्यावर उमटणारं.

हे ५० कुठून आलं? विजेच्या खांबावरून! आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या काळी टीव्हीचा ताल विजेच्या तालाशी जुळवला की चित्रात लाटा कमी यायच्या. युरोपात वीज ५० ची, म्हणून तिथंही टीव्ही ५० चा. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिथं टीव्ही ६० चा आणि रेषा ५२५. जपाननं अमेरिकेची पद्धत उचलली.

आता बघा गंमत. व्हिडिओ गेम जन्मले कुठं? अमेरिका आणि जपानमध्ये. म्हणजे ६० च्या घरात.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ ला जपानमध्ये आला. आपल्या तालुक्यांपर्यंत तो त्या नावानं कधी पोचला नाही. पोचल्या त्या त्याच्या नकला. लिटल मास्टर, टर्मिनेटर, पिवळ्या-काळ्या कॅसेटी, "९९९९ इन १" लिहिलेलं आणि आत मोजून आठ-दहा गेम. उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्लरवाले तासावर खेळायला द्यायचे. वायर थेट टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जायची. मग कुणीतरी टीव्हीची कळ फिरवत बसायचं आणि बाकीचे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!"

त्या काळी गेमचा सगळा हिशोब पडद्याच्या तालावर बांधलेला असायचा. एक चित्र उमटलं की मारिओ एक पाऊल पुढं. जपानी गेम लिहिलाय सेकंदाला ६० चित्रं धरून, आणि आपल्या टीव्हीसाठी यंत्र पाठवतंय ५०. म्हणजे तिकडं सहा सेकंदांत होणारी पळापळ आपल्याकडे सात सेकंदांपेक्षा थोड्या जास्त वेळात व्हायची. संगीतही त्याच मानानं रेंगाळायचं. आपल्याला वाटायचं गेम असाच असतो. मूळ वेग ऐकून-बघून माहितीच नव्हता ना!

वेगाचं झालं, तसंच चित्राचं. आपल्या ६२५ रेषांपैकी डोळ्यांना दिसणाऱ्या साधारण ५७६. त्या दोन हप्त्यांत उमटतात, आधी एकाआड एक २८८, मग मधल्या २८८. फॅमिकॉमचं चित्र होतं २४० रेषांचं. उरलेल्या ४८ रेषा काय करणार? वर-खाली काळ्या पट्ट्या. म्हणजे आपल्या वाट्याला गेम आला तो हळू आणि थोडा चेपलेला.

दोन घराणी

इथून पुढचं समजायला एक गोष्ट पक्की धरा. पडद्यांची दोन घराणी आहेत. एक टीव्हीचं, एक मॉनिटरचं.

टीव्हीच्या घराण्याचे नियम प्रसारण करणाऱ्यांनी ठरवले. एकाच टॉवरवरून लाखो घरांत चित्र जाणार, म्हणून सगळ्यांचा साचा एक. मॉनिटरच्या घराण्यात तसं बंधन नाही, कारण कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकमेकांशी थेट बोलतात. १९८७ ला आयबीएमनं व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८०, सगळ्या रेषा एकाच दमात, सेकंदाला ६० वेळा. मग ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८, १२८० बाय १०२४ अशी पोरं-नातवंडं वाढत गेली. २००१ नंतर गावोगावी एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, तिथले ते मोठ्या ढेरीचे मॉनिटर याच घराण्यातले.

कन्सोल मात्र टीव्हीच्या घरात जन्मलेलं पोर. मॉनिटरकडे त्याचं जाणं-येणं फार कमी. सेगाचा ड्रीमकास्ट, १९९८ चा, हा सन्माननीय अपवाद. त्याच्यासाठी वेगळी व्हीजीएची डबी मिळायची आणि बरेचसे गेम कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर लखलखीत दिसायचे. पण बाजार मारला तो पीएस२ नं. लाल-पांढरी-पिवळी पिन, टीव्हीच्या मागं खोचा, झालं. आपल्या भागातल्या पीएस२ चे काही गेम सुरू होतानाच विचारायचे, ५० हर्ट्झ की ६०? बऱ्याच जणांनी अंदाजानं काहीतरी दाबलं असेल. तो प्रश्न म्हणजे त्या विजेच्या खांबाचीच शिल्लक होती.

२००९ ला याच पीएस२ वर देसी अड्डा नावाचा गेम आला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. जगात तोवर पीएस३ येऊन अडीच वर्षं झालेली, आणि आपल्यासाठी खास बनवलेला गेम येतोय जुन्या यंत्रावर. का? कारण आपल्या घरांत टीव्ही जुनेच होते.

एचडी आलं, पण कुणासाठी?

पीएस३ भारतात आला एप्रिल २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. आत १०८०पी ची ताकद, मागं एचडीएमआयचं भोक. आणि खोक्यात वायर कुठली? तीच लाल-पांढरी-पिवळी! एचडीएमआयची वायर वेगळी घ्यायची. ज्यांना माहिती नव्हतं ते महिनोन्महिने चाळीस हजारांच्या यंत्रातून जुन्या दर्जाचं चित्र बघत राहिले.

एक्सबॉक्स ३६० त्याआधीच, सप्टेंबर २००६ ला आपल्याकडे आलेला. त्याला सुरुवातीला एचडीएमआय नव्हतंच, पण व्हीजीएची वायर मिळायची. मॉनिटरवाल्यांचा तो लाडका झाला तो त्यामुळेच. या पिढीच्या गेमवाल्यांनी जुन्या टीव्हीचा विचारही सोडून दिला. डेड रायझिंग नावाचा गेम आला तेव्हा जुन्या टीव्हीवर त्यातली अक्षरं वाचताच येईनात. जगभर लोकांनी तक्रारी केल्या.

आपल्याकडे काय चाललं होतं? दूरदर्शननं एचडी प्रसारण केलं २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी. केबल डिजिटल करायची सरकारी मुदत मुंबईला २०१२ ची, पुणे शहराला मार्च २०१३ ची, आणि आपल्यासारख्या ग्रामीण भागाला मार्च २०१७ ची. म्हणजे पीएस३ आल्यापासून दहा वर्षं! तोवर जगात ४के वाला पीएस४ प्रो येऊनही गेलेला.

आणि एचडी म्हणून घरात आला तो "एचडी रेडी" टीव्ही. बहुतेकांचा पडदा १३६६ बाय ७६८. आता नीट ऐका. ७६८ हा आकडा प्रसारणाच्या साच्यात नाही. कन्सोल पाठवतो ७२० किंवा १०८० रेषा. टीव्ही त्या ताणून नाहीतर दाबून ७६८ मध्ये बसवतो. ठिपक्याला ठिपका कधीच जुळत नाही, म्हणून अक्षरांच्या कडा किंचित धुरकट.

बरं, यंत्रंही काही धुतल्या तांदळाची नव्हती. हॅलो ३ आतून ६४० रेषांतच बनायचा, कॉल ऑफ ड्यूटी ४ तर ६०० च. मग यंत्र ते मोठं करून पाठवायचं. खोक्यावर १०८०पी छापलंय म्हणजे गेम १०८०पी मध्ये बनतोय असं नाही. यंत्र तेवढं चित्र बाहेर पाठवू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ ला कॉल ऑफ ड्यूटी घोस्ट्स पीएस४ वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी निघाला, तेव्हा लोक हे आतले आकडे विचारायला लागले.

१४४०पी चं भांडण

आता त्या २के मॉनिटरकडे येऊ. २५६० बाय १४४०. हा पूर्णपणे मॉनिटरच्या घराण्यातला आकडा. टीव्हीच्या दुनियेत १०८० नंतर थेट २१६०, म्हणजे ४के. मधली पायरीच नाही. म्हणून टीव्हीच्या घरातल्या कन्सोलला १४४० ची ओळखच नव्हती.

मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये एक्सबॉक्स वन एस आणि एक्स ला अपडेट देऊन ती ओळख करून दिली. पीएस५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० ला, आणि १४४० त्याला येत नव्हतं. बऱ्याच मॉनिटरवर तो १०८० पाठवायचा आणि मॉनिटर ते ताणायचा. ४के टीव्हीवर १०८० चांगलं बसतं, कारण २१६० म्हणजे बरोबर दुप्पट. १४४० म्हणजे सव्वापट नाही, दीडपट नाही, एक पूर्णांक एक तृतीयांश! एका ठिपक्याचे एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपके कसे करणार? मग धूसर. शेवटी सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये सोनीनं १४४०पी दिलं.

यात लक्षात घ्या, यंत्रात नवा पार्ट बसवला नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वाढली. दीड वर्ष लोकांच्या घरात तेच यंत्र, तोच मॉनिटर, आणि यादीत नाव नाही म्हणून चित्र कमी. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या दिवाणखान्यातला टीव्ही होता. एका खोलीत चार जण राहणाऱ्या, टेबलावर मॉनिटर ठेवणाऱ्या पोराचा विचार उशिरा झाला.

मग घ्यायचं काय?

इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, "४के सपोर्टेड" आणि "४के पडदा" यात फरक आहे. सपोर्टेड म्हणजे ४के चा सिग्नल घेतो, दाखवेल आपल्या कुवतीनं. आमच्या ओळखीतला एक जण असाच स्टिकर बघून एका दुकानातून मॉनिटर घेऊन आला, घरी कळलं पडदा १०८० चा. खोक्यावर "नेटिव्ह रेझोल्यूशन" शोधा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

दुसरी, पुण्यात तपकीर गल्लीतून किंवा ओळखीतून जुना मॉनिटर घेताय तर मागची भोकं बघा. पीएस४ पासून पुढं सोनीच्या यंत्रांना फक्त एचडीएमआय. नुसतं व्हीजीए असेल तर साधी वायर चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो, हेडफोन कंट्रोलरला लावा.

तिसरी, पीएस५ अपडेट करा, मग सेटिंगमध्ये १४४०पी ची चाचणी घ्या. मॉनिटरला जमत असेल तर यंत्र स्वतः सांगतं.

चौथी, घरी ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असेल तर फक्त कन्सोलसाठी तो बदलायची घाई नको. सहा-सात फुटांवरून खेळताना गेम मजेत चालतो. पण एक हिशोब करून बघा. त्या टीव्हीवर साधारण साडेदहा लाख ठिपके आहेत. तुमच्या हातातला फोन १०८० बाय २४०० चा असेल तर त्यात जवळपास २६ लाख. घरातला सगळ्यात बारीक पडदा आज खिशात आहे, आणि त्याच्या यादीत आपण मागं नाही आहोत. ६० की ५० हा प्रश्नही फोनला कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे जुना लिटल मास्टर किंवा समुराई चालू अवस्थेत असेल तर त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मूळ जपानी वेगाच्या शेजारी तो लावून ऐकवायचाय, पुढच्या भागात. तोवर राम राम!