मुलाम्याचे थर



सायकलच्या हँडलवरची चकाकी आपण क्रोमियमची म्हणतो. तो क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याइतकाच, कित्येकदा त्याहूनही पातळ असतो. त्याच्याखाली निकेलचा कितीतरी जाड थर असतो आणि पोलादाला गंजापासून राखण्याचे मुख्य काम तो निकेल करतो. नाव वरच्याचे आणि राबणूक खालच्याची, हा अनुभव कामगाराला नवा नाही. आज या थरांचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि ते चढवणाऱ्या हातांचाही.

विजेच्या पूर्वी मुलामा आगीने होत असे. सोने पाऱ्यात कालवून तांब्यावर लेप द्यावयाचा आणि वस्तू तापवून पारा उडवून लावावयाचा. सोने मागे राही. पारा मात्र मुलामेवाल्याच्या छातीत जाई. पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅकच्या प्रार्थनामंदिराचा घुमट असा मढवताना सुमारे साठ कामगार पाऱ्याच्या वाफेने मेल्याचे सांगतात. त्याच शहरात १८३८ साली याकोबीने विजेच्या साहाय्याने धातूची हुबेहूब प्रतिकृती काढण्याची कृती जाहीर केली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आरंभ त्याही आधीचा. १८०० साली व्होल्टाने विजेची चळत रचली. १८०५ साली ब्रुन्यातेल्लीने तिच्या प्रवाहाने चांदीच्या पदकांवर सोने चढवले. १८३३-३४ च्या सुमारास फॅरेडेने नियम सांगितला, की जितकी वीज वाहील त्या प्रमाणात धातू बसेल. म्हणजे थर आता मोजूनमापून देता येऊ लागला. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी पेटंट घेतले. त्यातील कळीची युक्ती जॉन राइट या शल्यवैद्याची होती. सोने-चांदी पोटॅशियम सायनाइडमध्ये विरघळवली, तर मुलामा घट्ट बसतो, हे त्याने दाखवले. पारा हटू लागला आणि त्याच्या जागी सायनाइड आले. विष गेले नाही, बदलले.

१८६९ साली अमेरिकेत आयझॅक ॲडम्सने निकेलच्या मुलाम्याचे पेटंट मिळवले. निकेल टिकाऊ खरा, पण हवेत काळवंडतो. म्हणून १९२० नंतरच्या दशकात त्यावर क्रोमियमचा थर आला. क्रोमियम कठीण, पण त्याला बारीक भेगा पडतात आणि भेगेतून पाणी आत शिरते. यावर पुढे तोड निघाली ती निकेलचेच दोन थर देण्याची. खालचा गंधकाविना, वरचा चकचकीत आणि किंचित गंधक असलेला. पाणी शिरले की वरचा निकेल आडवा झिजत जातो आणि खालचा बराच काळ शाबूत राहतो.

थरांनी बळही वाढते. १९२१ साली अमेरिकेच्या सरकारी प्रमाणसंस्थेतील विल्यम ब्लम यांनी तांबे आणि निकेल यांचे थर आळीपाळीने चढवले. असा पत्रा नुसत्या तांब्याच्या मुलाम्यापेक्षा ताणाला अधिक टिकला. एका थरातील धातू सरकू लागला, की पुढच्या थराची सीमा त्याला अडवते, हे त्याचे एक कारण. संघटनेत जन्म घालवलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

आता हौदापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. क्रोमियमच्या नेहमीच्या हौदात विजेचा जेमतेम पाचवा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी, धातू बसवण्यास लागतो. उरलेल्या विजेने मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. ते फुटले की क्रोमिक ॲसिडचे तुषार हवेत उडतात. बोटांना खोल व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. आणि हे भोक पुष्कळदा वेदनेवाचून पडते, म्हणून कामगाराला पत्ताही लागत नाही. ब्रिटनने १९३१ साली यासाठी नियम केले: हौदाच्या काठाशीच तुषार ओढून घेणारी हवेची योजना, हातमोजे, कामगारांची ठरावीक मुदतीने तपासणी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने क्रोमचे व्रण सरकारला कळवावयाच्या रोगांत घातले. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरवले. २०१७ च्या सप्टेंबरपासून युरोपीय संघात खास परवानगीवाचून क्रोमिक ॲसिड वापरण्यास बंदी आली. शोभेच्या मुलाम्यासाठी त्रिसंयुजी क्रोमियमचा कमी घातक मार्ग तर १९७० नंतरच्या दशकातच बाजारात आला होता.

तेव्हा उपाय ठाऊक नाहीत असे कोणी म्हणू नये. पंख्याला पैसे पडतात, एवढीच अडचण आहे. चांगल्या कारखान्यात थराची जाडी मोजून वहीत लिहितात, कारण गिऱ्हाईक विचारते. हौदावरच्या हवेतील क्रोमियमही मोजावे, कामगाराचे नाक व हात तपासावेत आणि ते आकडे त्याच वहीत, त्याच पानावर लिहावेत. ती वही पाहावयास मागणे हे संघटनेचे काम आहे. जो थर चढवतो, त्याला तो किती मोलाने चढला हे वाचता आले पाहिजे.