गाठ आणि तुकडा

जळगाव जामोदच्या शिवारातला कापूस जिनिंगमध्ये येतो तेव्हा भारी जागा खातो. सरकी निघते, रुई प्रेसखाली जाते, हवा निघून जाते आणि १७० किलोची गाठ आवळली जाते. गाठीवर क्रमांक पडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या वाचकाने हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. माहिती दाबून बसवण्याच्या शास्त्रात त्याचं स्वागत करताना म्हणून मी इथूनच निघतो.

फाइलमधली हवा म्हणजे पुनरुक्ती. तिला किती पिळता येईल, याची सीमा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये आखून दिली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत, ही डेव्हिड हफमन यांची १९५२ मधली रीत. येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘इतकं मागं जा, इतकं उचल’ अशी खूण ठेवायची, ही झिव आणि लेम्पेल यांची १९७७ मधली. झिप फाइलमध्ये या दोन्ही रीती एकत्र नांदतात. आपली मराठी त्यांना फार मानवते: यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं, त्यातला पहिला कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे हवाच हवा!

मोठ्या गेमचं उलट असतं. त्यातली चित्रं, आवाज बहुधा आधीच दाबलेले. पुन्हा दाबून थोडंच हाती लागतं. तरी तिचे तुकडे करतात, ते वाहनाच्या मापामुळे. फ्लॉपीत १.४४ एमबी मावत, सीडीत ७००. एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर आजही एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे जात नाही, कारण फाइलची लांबी लिहायला तिथे ३२ बिटच ठेवलेत.

इथे मात्र कापसाची उपमा सोडावी लागते. शंभरातली एक गाठ हरवली तरी नव्व्याण्णव गाठी कापूसच राहतात. एकसंध आवळलेल्या फाइलचा सातवा तुकडा गेला, तर आठव्यातल्या ‘मागं जा’ या खुणेला मागं काही उरतच नाही. सुरी मापावर चालते, आशयावर नाही.

यावरचा उपाय मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो, आणि त्यातल्या बीजगणिताला कुणी बिचकू नये. रीड आणि सॉलोमन यांच्या १९६० मधल्या संकेतांनी दहा तुकड्यांना दोन जादा तुकडे जोडले, की बारांतले कुठलेही दहा हाती आले तरी मूळ फाइल बाइटन् बाइट परत उभी राहते.