फाळक्यांचा कॅमेरा आणि हरवलेला अनुस्वार

सन २०१० च्या उन्हाळी सुटीत आमच्या मराठी विभागाने एक डिजिटल कॅमेरा विकत घेतला. प्रयोजन साधे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिळाछापाची काही पुस्तके आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड यांची पाने हाताळताना तुटू लागली होती. मूळ प्रत विद्यार्थ्यांच्या हाती न देता तिची छायाचित्रे द्यावीत, असा आमचा विचार होता. दुकानदाराने काचेवर चार कॅमेरे मांडले आणि शब्दांची पारख शिकवण्याचा पगार घेणाऱ्या आम्ही खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून निवड केली. तो आकडा होता १४ मेगापिक्सेल.

दोन महिन्यांत सुमारे नऊशे पाने टिपून झाली. संगणकाच्या पडद्यावर अख्खे पान दिसे तेव्हा ते मोठे देखणे वाटे. पाठ उतरवून घ्यायला बसल्यावर मात्र एका विद्यार्थिनीने उतरवलेला 'वश' हा शब्द वाक्यात बसेना. कपाटातून मूळ पुस्तक काढून पाहिले. तेथे स्वच्छ 'वंश' होते. मग आम्ही मुद्दाम शोधू लागलो. जागोजागी अनुस्वार गेलेले, 'ध' आणि 'घ' एकमेकांत मिसळलेले, आणि पानाच्या कडेला तर ओळीच विरघळल्यासारख्या झालेल्या. कारण यथावकाश समजले. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सुटे ठिपके आपोआप उमटतात आणि चित्र नितळ दिसावे म्हणून कॅमेऱ्यातील आज्ञावली ते पुसून टाकते. लेखनिकाने दिलेला अनुस्वार आणि यंत्राने चुकून उमटवलेला ठिपका यांतील भेद तिला कळण्याचे काहीच कारण नव्हते.

हा नऊशे पानांचा अपव्यय सोसल्यानंतर आम्हांला जो प्रश्न पडला, तो आमच्याच गावच्या एका गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता, हे जरा उशिराच लक्षात आले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सहलीला आलेली मुले तेथे कारंजी पाहतात. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. कॅमेरा कसा पारखावा हे जाणणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

कॅमेरा विलायतेहून मागवण्याची रीत मुंबईत त्यांच्याही आधीची. सावेदादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा आणवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती टिपली. फाळक्यांनाही तसे करता आले असते. पण आयुर्विम्याची कागदपत्रे तारण ठेवून त्यांनी कर्ज उभारले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते स्वतः लंडनला निघाले. तेथे त्यांचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. त्या अवधीत त्यांनी 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांना गाठले, त्यांच्यामार्फत वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपटशाळेत प्रवेश मिळवला आणि तिचे सर्व विभाग पाहिले. या दोघांच्या सल्ल्याने त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणीही नोंदवली. यंत्र विकणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधी, ज्यांचे पोट त्या यंत्रावर चालते त्यांचे काम डोळ्यांनी पाहायचे, असा हा क्रम होता.

एप्रिलमध्ये परत आल्यावर त्यांनी काय केले, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी लगेच पौराणिक कथा हाती घेतली नाही. आधी घरच्या अंगणातील मुलांचे चलच्चित्र घेऊन यंत्र जोखले. मग एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले, कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाच्या चौकटी टिपत राहिले. पडद्यावर ते रोप मिनिटाभरात उगवून वाढत असे. सावकारांना भुलवण्याची ही युक्ती, असे या प्रयोगाविषयी नेहमी सांगितले जाते, आणि त्यातून कर्ज मिळाले हे खरेही आहे. परंतु परीक्षा म्हणून पाहिले तर तिचे मर्म ध्यानी येते. महिनाभरात कॅमेरा केसभर हलला, झडप एखाद्या दिवशी अडखळली किंवा एका चौकटीला उजेड कमी-जास्त पडला, तर रोप डुलेल आणि पडदा लुकलुकेल. यंत्राचा जो दोष एका दिवसात कळणार नाही, तो एका मिनिटात दाखवणारी ही कसोटी आहे. कोणत्याही जाहिरातीत तिचा उल्लेख असणे शक्य नव्हते.

यंत्राबाहेरच्या गोष्टीही तितक्याच निर्णायक होत्या. मागवलेल्या फिल्मला भोके नसत. ती अंधारात, घरीच पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. भोक रेसभर सरकले की चित्र थरथरलेच. हँडल हाताने फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी, हा तेव्हाचा सर्वसाधारण हिशेब. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी ते हँडल त्र्यंबक तेलंगांच्या हाती होते. म्हणजे कॅमेऱ्याची गती तेलंगांच्या मनगटात होती. शिवाय त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचे कुंकू काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. आपली फिल्म कशाला आंधळी आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिच्याकडून काम करून घेता येई. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लागला. त्यानंतर फाळके नाशकात आले. 'मोहिनी भस्मासुर'पासूनची कामे त्यांनी येथेच केली आणि १९१४ मध्ये ती लंडनच्या जाणकारांना दाखवली, तेव्हा त्यांनी तांत्रिक बाजूची वाखाणणी केली.

फाळके मुळात ठसे आणि छपाईच्या धंद्यातले होते, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. हाफटोन ठशात चित्र ठिपक्यांचे बनते. ठिपके जितके बारीक तितके चित्र चांगले, असे वरवर वाटते. पण कागद खरबरीत असला तर बारीक ठिपक्यांमधल्या फटी शाईने भरतात आणि चित्राचा लगदा होतो. म्हणून वर्तमानपत्राला जाड जाळीचा ठसा आणि गुळगुळीत कागदाला बारीक जाळीचा. छापखान्यातला जाणता कारागीर हे सहज सांगे. मेगापिक्सेलच्या बाबतीत आपण तेच विसरलो.

कोल्हापूरची कथा तर याहून पुढची. बाबूराव पेंटर यांच्यापाशी वाचायला माहितीपत्रकच नव्हते, कारण कॅमेराच त्यांना घडवायचा होता. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी हा खटाटोप आरंभला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये बाबूरावांनी चालता कॅमेरा सिद्ध केला. त्याच कॅमेऱ्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. आज 'सैरंध्री' उपलब्ध नाही; त्या कॅमेऱ्याविषयी निवाडा करायला आपल्यापाशी साक्षीदारच उरलेला नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्याही चारपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे शिल्लक आहेत, आणि ती मूळ चित्रपटाची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पाठचिकित्सेच्या वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे.

मग पारख आकड्यावर कधी आली? कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे होते, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या अवस्थेत ठिपके वाढणे ही खरोखरच प्रगती होती. १९९९ च्या निकॉन डी-वनमध्ये २.७ मेगापिक्सेल होते आणि वृत्तछायाचित्रकारांना ते पुरले. पुढच्या दहा वर्षांत आकडा धावत सुटला, सेन्सर मात्र तेवढाच राहिला. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर '१/२.३ इंची' होता. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान भरतो. हे इंच जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील काचनळीच्या व्यासावरून आले आहेत. सेन्सरच्या लांबी-रुंदीशी त्यांचा थेट संबंध नाही. एवढ्याशा जागेत एक कोटी चाळीस लाख बिंदू कोंबले, की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कितीसा येणार? कॅनन कंपनीने २००८ च्या जी-टेनमध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षीच्या जी-इलेव्हनमध्ये ते १० वर आणले, तेव्हा ही गोष्ट निर्मात्यांनीच मान्य केली म्हणायची. आज २०० मेगापिक्सेलचे फोन मिळतात. त्यांतील बरेचसे एरवी सोळा-सोळा बिंदूंचा एक करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच चित्र हाती ठेवतात.

आणखी एक बाब साहित्याच्या माणसाला अस्वस्थ करणारी आहे. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची मोजणी करतो. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी बसवलेल्या या जाळीत निम्मे बिंदू हिरव्याचे असतात आणि उरलेल्यांत दोन रंगांची वाटणी. म्हणजे चित्रातील दोन तृतीयांश रंगमाहिती शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरलेली असते. वाळवीने खाल्लेले अक्षर संपादक संदर्भावरून भरतो, तसेच हे. फरक इतकाच, की संपादक तेथे कंस घालतो. कॅमेरा कंस घालत नाही, आणि अंदाजाने अक्षरांना धार लावणारे अलीकडचे काही फोन तर मुळीच घालत नाहीत.

२०११ मध्ये एका सहकाऱ्याच्या भावाचा जुना, ६ मेगापिक्सेलचा, पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आम्ही उसना घेतला. त्यात एका बिंदूच्या वाट्याला सुमारे तीसपट जागा होती. 'वंश' असलेले पान खिडकीजवळ, उत्तरेच्या उजेडात ठेवले, कॅमेरा तिपाईवर बसवला आणि फाळक्यांच्या वाटाण्याचे स्मरण करून तेच पान तीन दिवस, तीन वेगवेगळ्या वेळी टिपले. अनुस्वार तिन्ही वेळा जागेवर होता. त्यात तिपाईचा आणि खिडकीचा वाटा किती आणि सेन्सरचा किती, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. नंतर तिपाईवर आमचाच जुना कॅमेरा लावून पाहिला, तेव्हा त्यानेही पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे काम केले. तेव्हापासून विभागात एखादे नवे यंत्र आले, फोन असो वा स्कॅनर, की प्रथम त्याच्यासमोर तेच पान ठेवतो.

बहुतेक पाने आम्ही पुन्हा टिपली. चाळीसएक पाने मात्र मधल्या पावसाळ्यात दमट होऊन चुरली; त्यांची पहिली छायाचित्रेच काय ती उरली आहेत. त्यांचा पाठ उतरवताना जेथे अर्थ अडतो तेथे आम्ही अनुस्वार चौकटी कंसात घालतो.