डाव्या पायाचा इतिहास: डबल क्लचपासून बिनक्लचच्या टॅक्सीपर्यंत

२६ मे २०१७ रोजी नागपुरात ओलाच्या विद्युत टॅक्सी धावू लागल्या. ताफ्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस गाड्या होत्या. चर्चा झाली ती चार्जिंगची. या गाड्यांत चालकाच्या डाव्या पायाला काही कामच उरले नव्हते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय होती.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार-लव्हासोर यांच्या मोटारींत सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स आला. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत बसवायची, तर आधी त्यांच्या गती जुळायला हव्यात. हे काम यंत्र करीत नसे, माणूस करी. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा अंदाजे झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. हाच डबल क्लच. अंदाज चुकला की गिअरबॉक्स करकरे आणि चूक साऱ्या रस्त्याला ऐकू जाई.

१९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला आणि गती जुळवण्याचे काम यंत्राकडे गेले. भारतात मात्र कुर्ल्याची फियाट ११०० आणि अँबॅसडर या गाड्यांच्या पहिल्या गिअरला दीर्घकाळ ही सोय नव्हती.

ही विद्या पुस्तकातून येणारी नव्हतीच. क्लीनर वर्षानुवर्षे 'उस्तादा'शेजारी बसून इंजिनाचा आवाज ओळखायला शिके. उत्तम शाळा, पण तिचे दार पुरुषांसाठीच उघडे होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी आलेली, हलक्या क्लचची मारुती ८०० आणि पुढे नियमांनी बंधनकारक केलेल्या दुहेरी नियंत्रणाच्या शिकवणी गाड्या यांनी ते दार किलकिले केले. उस्तादाच्या मर्जीची जागा फीच्या पावतीने घेतली, हे काही वाईट झाले नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालकाची कसोटी तपशीलवार दिली आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता यावा. तीव्र चढावर थांबून, मागे न घसरता, गाडी पुन्हा निघावी. सपाट नागपुरात असा चढ शोधायचा म्हणजे सेमिनरी हिल्स गाठायची, नाहीतर एखादा उड्डाणपूल.

गंमत अशी की दुचाकीच्या परवान्यात कायदा 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असा भेद करतो, मोटारीच्या परवान्यात करीत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला क्लचची गाडी चालवता येत नाही. नागपुरात बिनक्लचच्या गाडीवर शिकलेला चालक त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी क्लचची गाडी रस्त्यावर काढू शकतो.