आकाशातील तैनाती फौज

१७९८ सालच्या सप्टेंबर महिन्यात निजाम अली खान आणि कुंपणी सरकार यांच्यामध्ये जो तह झाला, त्यात निजामाने पोसावयाच्या इंग्रजी पलटणींचा आकडा सहा असा स्वच्छ लिहिलेला होता. परंतु दोनच वर्षांनी, १८०० साली, तहनाम्याची कलमे पुन्हा मांडण्याची वेळ आली तेव्हा त्या सहाच्या आठ पलटणी झाल्या, जोडीला घोडदळ आले, आणि या वाढीव फौजेच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्याकडील मुलूख निजामाला कायमचा गमवावा लागला. हुसेनसागराच्या उत्तरेस ज्या माळावर या तैनाती फौजेची छावणी पडली, त्याच माळाला १८०६ साली तिसरा निजाम सिकंदरजाह याच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. हे शहर असे तहातील एका आकड्याच्या पोटी जन्मास आले. आणि कागदावर चढलेला आकडा तेथे स्वस्थ बसत नाही, हे त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे.

आज ती जन्मपत्रिका उलगडण्याचे निमित्त मात्र आकाशातले आहे. विजेवर चालणारी, धावपट्टीवाचून उभ्या उभ्या वर उठणारी आणि शहरातल्या गच्चीवर उतरू पाहणारी चार-पाच माणसांची विमाने आता नकाशावरून हवेत आली आहेत; हैदराबादच्याच ब्लूजे नावाच्या उद्योगसंस्थेने या जातीचे आपले नमुनायंत्र २०२४ साली उडवून दाखविले. या विमानांच्या वतीने जी वकिली केली जाते, तिच्यात वेगाइतकाच जोर शांततेवर असतो. ही वकिली ऐकून निवाडा करण्याचा अधिकार कोणत्या शहराला असेल तर तो सिकंदराबादला आहे, कारण पंखाने हवा कापली म्हणजे कोणकोणते नाद उमटतात, याचा जमाखर्च या शहराच्या एका उपनगरात सव्वाशे वर्षे मांडला जात आहे. ते उपनगर म्हणजे बेगमपेठ.

दुसऱ्या निजामाची कन्या बशीरुन्निसा बेगम हिला पायगा घराण्यात दिली तेव्हा ही जमीन तिला आंदण मिळाली आणि तिच्यावरून गावाला नाव पडले, असे सांगतात. त्या गावातील लष्करी इस्पितळाच्या एका लहानशा इमारतीत १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्यात रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डासांची पोटे फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसलेला असे. हुसेन खान नावाच्या हिवतापी रुग्णाने मोबदल्यापोटी हे डास आपल्या अंगावर चावू दिले होते. उकाडा असह्य होता, तथापि छताचा पंखा ओढण्याची मनाई होती. वाऱ्याची एक झुळूक आली तरी पातळ काचेवरचा चिरलेला डास उडून जाई. घामाने निथळणाऱ्या त्या माणसाला २० ऑगस्ट रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूंचे काळे कण दिसले, आणि पुढे १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ती इमारत जुन्या विमानतळाशेजारी आजही उभी आहे.

रॉसने थांबविलेला पंखा आणि त्याने फाडलेला डास, या दोहोंत पुढील सारी कथा साठविलेली आहे. हवेत तरंगून राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक वस्तूने हवेला खाली लोटले पाहिजे, हा निसर्गाचा शिरस्ता असून त्यातून डासाला सूट नाही आणि विमानालाही नाही. रँकिन नावाच्या स्कॉटिश पंडिताने १८६५ साली जहाजाच्या पंख्यासाठी जो हिशेब मांडला, तो हवेलाही तंतोतंत लागू पडतो: पुष्कळ हवा हळू लोटली तर शक्ती कमी लागते, थोडी हवा जोराने लोटली तर अधिक लागते, पंख्याच्या फेऱ्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर तेच वजन तोलून धरण्यास सुमारे तीन दशांश शक्ती कमी पुरते. डासाची तऱ्हा याहून न्यारी आहे. तो पंख अवघ्या चाळीस अंशांत, पण सेकंदाला काहीशे वेळा हलवितो, आणि मागल्या फटकाऱ्याने हवेत जो भोवरा सोडला त्याच भोवऱ्यावर पुढल्या फटकाऱ्याचा भार अंशतः तोलून धरतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म निरीक्षणांतून दिसून आले. त्या फटकाऱ्यांची गुणगुण जी आपल्या कानाशी येते, तिच्यात शक्ती म्हणाल तर नगण्य. पण निजलेल्या माणसाला उठवून बसविण्यास ती पुरेशी होते. आवाजाचा मोठेपणा आणि त्याचा जाच या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही पहिली नोंद बेगमपेठच्या जमाखर्चात डासाच्या नावे पडली.

दुसरी नोंद विमानांची. १९३० च्या दशकात निजामी अंमलात बेगमपेठच्या माळावर विमानांचा तळ सिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे वैमानिकांच्या प्राथमिक शिक्षणाची शाळा चालली आणि टायगर मॉथ ही दुपंखी विमाने माळावर घिरट्या घालू लागली. ज्या निजाम स्टेट रेल्वेच्या गाडीने मराठवाड्यातील कज्जेकरी, विद्यार्थी आणि व्यापारी मनमाड-औरंगाबाद-नांदेडच्या वाटेने सिकंदराबादच्या फलाटावर उतरत असत, त्याच रेल्वेने टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली आणि १९४६ साली तिची डकोटा विमाने बेगमपेठहून उडू लागली. बाराशे-बाराशे अश्वशक्तीची दोन यंत्रे एकदम गर्जू लागली म्हणजे होणारा तो आवाज त्या काळी कोणास जाच वाटला असेल असे नाही. गावाबाहेरचा माळ, दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या, आणि राज्याच्या वैभवाची ती खूण. १९४९ सालच्या फेब्रुवारीत, पोलीस कारवाईनंतर सरदार पटेल प्रथमच हैदराबादेस आले, तेव्हा त्यांचे स्वागत करावयास खुद्द निजाम याच तळावर आला होता. १९५३ साली डेक्कन एअरवेज राष्ट्रीयीकरणात विलीन झाली, पण विमाने वाढत गेली; आणि विमानांहून अधिक वेगाने वाढले ते शहर. रसूलपुरा, प्रकाशनगर, बोवेनपल्ली अशा वस्त्यांनी तळाला चहूकडून वेढा घातला, आणि अखेर २००८ सालच्या मार्चमध्ये सारी प्रवासी वाहतूक शमशाबादला हलवावी लागली. या निर्णयामागे जागेची टंचाई हे मुख्य कारण होते हे खरे. तथापि बेगमपेठच्या छपरांवरून विमानांची जी रीघ थांबली, तिने कानांना काय दिले, हे त्या वस्त्यांतील माणसांना कोणी सांगावयास नको होते.

तिसरी नोंद हेलिकॉप्टरची. सिकंदराबादच्या उत्तरेस हकीमपेठ येथे वायुदलाचा जो तळ आहे, तेथे सत्तरच्या दशकापासून हेलिकॉप्टर चालविण्याचे शिक्षण दिले जाते, आणि अनेक वर्षे तेथील विद्यार्थ्यांच्या हाती चेतक हे यंत्र असे. चेतकाच्या मुख्य चक्राचा व्यास अकरा मीटर, पाती तीन, आणि फेरे मिनिटाला सुमारे ३५३. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला सुमारे दोनशे तीन मीटर, ध्वनीच्या वेगाच्या तीन-पंचमांश गतीने, हवा चिरीत जाते आणि डोक्यावरून सेकंदाला सुमारे अठरा ठोके पडतात. कानाला अखंड सूर म्हणून ऐकू येण्याची सीमा साधारण वीस कंपनांपाशी आहे. ती सीमा न गाठल्यामुळेच हेलिकॉप्टरचा आवाज सुराऐवजी ठोक्यांच्या रूपाने येतो आणि खिडकीची तावदाने थरथरतात. यंत्र उतरू लागले म्हणजे त्यात आणखी भर पडते, कारण पुढच्या पात्याने मागे सोडलेल्या भोवऱ्यावर मागचे पाते येऊन आदळते आणि चाबकासारखा कडकडाट होतो. जो भोवरा डासाला टेकू देतो, तोच येथे दंगा करतो.

हा आवाज कमी कसा करावा, याचे उत्तर सिद्धांताच्या पातळीवर फार पूर्वी मिळाले होते. लेनिनग्राडच्या गुटिनने १९३६ साली फिरत्या पंख्याच्या नादाचे गणित बांधले, आणि पुढच्या पिढीने ते विस्तारले. त्याचे सार असे की इतर बाबी तशाच राहिल्या तर आवाजाची शक्ती पात्याच्या टोकाच्या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. टोकाचा वेग निम्मा केला, तर पंधरा ते अठरा डेसिबल उतरतात. परंतु तेलावर चालणारे एकच मोठे यंत्र आणि त्याला दंतचक्रांनी जखडलेले एकच मोठे चक्र अशी रचना असता हा उपाय हाताशी असूनही अंमलात आणणे जड जात होते. विजेच्या मोटारीने ही अडचण दूर केली: सहा-आठ लहान पंखे, प्रत्येकाला स्वतंत्र मोटार, रुंद व अधिक पाती, आणि म्हणून मंद फिरूनही पुरेसे उचलबळ. एकदा वर उठल्यावर भार पंखांवर जातो आणि मोटारींना केवळ पुढे रेटण्याचे काम उरते. अमेरिकेतील जोबी कंपनीच्या सहा पंख्यांच्या विमानाची मोजणी नासाने जमिनीवर पन्नासांहून अधिक ध्वनिग्राहक मांडून केली, आणि पाचशे मीटर उंचीवरून ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाताना खाली ४५.२ डेसिबल नोंदले गेले. तथापि रँकिनचा हिशेब येथेही सुटत नाही. लहान पंख्यांचे एकूण क्षेत्रफळ हेलिकॉप्टरच्या मोठ्या चक्राहून कमी भरते. म्हणून एका जागी तरंगताना हे यंत्र हवा अधिक जोराने खाली लोटते आणि बॅटरी लवकर रिती करते. गच्चीवर उतरताना त्या वाऱ्याच्या झोताचे काय करावे, हा प्रश्न रॉसच्या पंख्याइतकाच जुना आहे.

आता हा ४५.२ चा आकडा आपल्या कायद्याशेजारी ठेवून पाहावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळे, शाळा व न्यायालये यांच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० ची. एका विमानाचा एक फेरा त्या मर्यादेच्या काठावरून निघून जातो, आणि वकील येथेच आपले भाषण संपवितो. परंतु हे नियम क्षणाचा आवाज मोजीत नाहीत, काळाची सरासरी मोजतात. आणि सरासरीचा शिरस्ता असा की फेऱ्या दसपट झाल्या की दहा डेसिबल वाढतात, शंभरपट झाल्या की वीस. यंत्र शांत करण्यासाठी पात्याचा वेग निम्मा करून मिळविलेले पंधरा डेसिबल, फेऱ्या तीसपट करून कोणीही नकळत परत खर्ची घालू शकतो. शिवाय निरनिराळ्या वेगाने फिरणाऱ्या सहा पंख्यांचे सूर एकमेकांत मिसळून जी गुणगुण उठेल, ती डासाच्या जातीची असेल. तिचा जाच डेसिबलच्या मापात पुरता बसणारा नाही.

म्हणून या विमानांविषयी शहराने जो काही करारमदार करावयाचा, त्यात यंत्र किती शांत असावे हे कलम असावेच. परंतु त्याच्या आधी रात्री किती फेऱ्या आणि कोणत्या छपरांवरून, हे कलम असावे. बेगमपेठचा इतिहास पाहता, यंत्राने शहराला क्वचितच फसविले आहे. टायगर मॉथ तिच्या जागी सुसह्य होती, डकोटाही होती. फसविले ते आकड्याने. आणि ही गोष्ट सिकंदराबादच्या रयतेला नव्याने शिकविण्याचे कारण नाही. १७९८ च्या तहात सहा पलटणी लिहिल्या होत्या. पलटणीतला प्रत्येक शिपाई कवायतीत तरबेज होता, आणि त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. दोन वर्षांनी आठ झाल्या, आणि मुलूख गेला.