मानमोडीच्या सांथीचा अव्वल लेख

शके १८४० म्हणजे इ. स. १९१८ सालीं आपल्या प्रांतांत जी सांथ आली तिला लोक मानमोडी म्हणत. सरकारी दप्तरांत तिचें नांव इन्फ्लुएंझा. ह्या सांथीविषयीं लिहूं जाणारास साधनांची वाण पडत नाहीं. म्युनिसिपालिटीचे अहवाल आहेत, सॅनिटरी कमिशनरचा वृत्तान्त आहे, वर्तमानपत्रांचे अंक आहेत, १९२१ ची खानेसुमारी आहे. ता. १० जून १९१८ रोजीं मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें आजारी होऊन पोलिसांच्या इस्पितळांत दाखल झाले व त्यांपैकीं एकाचा पहारा गोदीवर होता, इतका बारीक तपशील नमूद आहे. ती पहिली लाट सौम्य होती. दुसरी पावसाळ्याच्या अखेरीस आली आणि आश्विनाच्या प्रारंभीं, ता. ६ आक्टोबर रोजीं, एकट्या मुंबई शहरांत एका दिवसांत ७६८ माणसें मेलीं. सबंध हिंदुस्थानांत एक कोटि वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत मनुष्यहानि झाली असावी असे निरनिराळे अदमास आहेत. त्या वर्षीं पाऊस गेला होता व धान्य महाग होतें, हेंहि विसरतां कामा नये.

परंतु हीं सर्व साधनें परिणामाचीं आहेत. कारणाविषयीं तीं एक तर मूक आहेत किंवा चुकीचें बोलतात. जर्मन पंडित फायफर यानें १८९२ सालीं एक जंतु दाखवून तोच ह्या रोगाचें कारण म्हणून सांगितलें होतें. १९१८ च्या बहुतेक डॉक्टरांनीं तोच जंतु गृहीत धरला, कित्येकांनीं त्याची लस टोंचली. ट्यूनिस येथें निकोल व लबायी या दोघांनीं त्याच वर्षीं असें दाखविलें कीं, जंतु अडकून राहतील अशा गाळणींतून गाळलेल्या कफानेंहि रोग होतो. म्हणजे कारण जंतूहून सूक्ष्म आहे. त्यांचें म्हणणें सर्वमान्य होण्यास वेळ लागला. अखेर १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं फेरेट नांवाच्या प्राण्यांत मनुष्याच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथम पकडला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हजारों असावे आणि मुख्य मुद्द्यावर त्यांतील बहुतेकांची साक्ष टाकाऊ ठरावी, असें इतिहासांत क्वचित् घडतें. शिवाय १९३३ चा विषाणु हा पंधरा वर्षांनंतरचा वंशज. तो १९१८ ची अस्सल प्रत नव्हे.

अस्सल प्रत हा शब्द येथें केवळ अलंकारानें योजलेला नाहीं. विषाणु म्हणजे मुख्यतः एक लेख व त्याभोवतालचें वेष्टन. मनुष्याचा वंशलेख डी. एन्. ए. नांवाच्या द्रव्यांत असतो; इन्फ्लुएंझाचा आर्. एन्. ए. या द्रव्यांत असतो. वर्णमाला चार अक्षरांची. सबंध ग्रंथ साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास, व तोहि एकसंध नव्हे, तर न शिवलेल्या पोथीसारखा आठ सुट्या पत्रांचा. आणखी एक विशेष असा कीं, ही अक्षरें शिक्क्यावर कोरलेल्या अक्षरांप्रमाणें उलट असतात. शिक्का उमटल्यावांचून मजकूर वाचतां येत नाहीं, तसेंच येथें उलटावरून सुलट प्रत झाल्यावांचून पेशीला कांहीं कळत नाहीं. म्हणून हा विषाणु आपला नकलनवीस बरोबर घेऊनच पेशींत शिरतो. हा नकलनवीस जलद आहे, परंतु केलेली नक्कल मुळाशीं ताडून पाहण्याची त्यास संवय नाहीं. ढोबळ मानानें सबंध पोथीच्या दर नकलेमागें एखादी चूक राहते. हस्तलिखितांचे वंशवृक्ष ज्यांनीं लावले आहेत त्यांस अशा चुकांचा उपयोग सांगावयास नको. ह्या विषाणूंच्या वंशावळी त्याच न्यायानें लावतात. दोन निरनिराळे विषाणु एकाच पेशींत शिरले तर पोथ्यांचीं पत्रें मिसळतात तीं वेगळींच. १९५७ च्या सांथींत आठांपैकीं तीन पत्रें व १९६८ च्या सांथींत दोन पत्रें पक्ष्यांच्या विषाणूंकडून आलेलीं नवीं होतीं. उरलेलीं बहुतेक १९१८ च्या घराण्यांतलीं.

आतां अशी नाशवंत वस्तु ऐंशी वर्षांनीं हातीं कशी लागली तें पाहूं. आर्. एन्. ए. इतकें हळवें असतें कीं, मृत शरीरांत तें लवकरच कुजून जातें. योहान हुल्टिन नांवाच्या स्वीडिश तरुणानें १९५१ सालीं असा तर्क केला कीं, उत्तरेकडे जेथें जमीन बारमास गोठलेली असते तेथील प्रेतांत विषाणु टिकला असेल. अलास्का प्रांतांतील ब्रेव्हिग मिशन या खेड्यांत नोव्हेंबर १९१८ मध्यें ८० प्रौढांपैकीं ७२ माणसें पांच-सहा दिवसांत मेलीं होतीं व एकाच खड्ड्यांत पुरलेलीं होतीं. गांवच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन त्यानें तेथील प्रेतांच्या फुप्फुसांचे तुकडे आणिले. विषाणु कांहीं जिवंत झाला नाहीं. हुल्टिन पुढें रोगविकृतिशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाला.

इकडे वॉशिंग्टन येथें अमेरिकन लष्कराचा शवविच्छेदनांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह होता. त्याचें मूळ १८६२ सालीं तेथील यादवी युद्धांत स्थापन झालेल्या लष्करी वैद्यक संग्रहालयांत आहे. सैनिक मेला कीं त्याच्या अवयवांचे बारीक तुकडे फॉर्मालिनमध्यें मुरवून, मेणांत बसवून, चिठ्ठी लावून ठेवावयाचे, अशी वहिवाट. कशासाठीं, हें ठेवणारास ठाऊक नव्हतें व ठाऊक असणें शक्यहि नव्हतें. १९१८ सालीं आर्. एन्. ए. हें विषाणूचें बीज आहे ही कल्पनाच कोणास नव्हती. डॉ. जेफ्री टाउबेनबर्गर व ॲन रीड यांनीं त्या संग्रहांतील पुष्कळ नमुने तपासले. दोहोंत विषाणूचे अवशेष मिळाले. पहिला नमुना साउथ कॅरोलायनामधील फोर्ट जॅक्सन छावणींत ता. २६ सप्टेंबर १९१८ रोजीं वारलेल्या एकवीस वर्षांच्या शिपायाचा. लेख अखंड नव्हता. शंभर-सव्वाशें अक्षरांहून लांब तुकडा मिळेना. पण एकमेकांवर चढणारे तुकडे जुळवून ओळ लावणें हें काम आपल्या वाचकांस परकें नाहीं.

मार्च १९९७ मध्यें त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. तो बहात्तर वर्षांच्या हुल्टिननें वाचला, टाउबेनबर्गरास पत्र लिहिलें, आणि पदरचे पैसे खर्चून त्याच वर्षीं तो पुन्हां ब्रेव्हिग मिशनला गेला. पुन्हां गांवची परवानगी, पुन्हां तोच खड्डा. एका स्थूल स्त्रीचें प्रेत इतरांहून बरेंच चांगलें राहिलें होतें. अंगच्या चरबीनें आंतील अवयवांचें रक्षण केलें होतें. तिच्या फुप्फुसांत पूर्ण ग्रंथास पुरेल एवढी सामुग्री मिळाली. परत निघण्यापूर्वीं हुल्टिननें त्या कबरस्तानासाठीं लांकडाचे दोन मोठे क्रूस स्वतः करून दिले. पुढल्याच वर्षीं स्वालबार येथें मोठ्या लवाजम्यानें अशीच एक मोहीम गेली. पेट्या उथळ निघाल्या आणि पदरांत फारसें कांहीं पडलें नाहीं. साधनांच्या शोधांत पैसा व फळ यांचें प्रमाण हें असें असतें.

आठहि पत्रांचा पाठ २००५ सालीं पुरा झाला. तो हातीं आल्यावर विषाणु पेशीशीं कसा वागतो, हें १९१८ पुरतें प्रथमच पाठाच्या आधारें सांगतां येऊं लागलें. विषाणूच्या वेष्टनावर दोन प्रकारचे कांटे असतात. एक पेशीच्या बाहेरील सायालिक आम्लाच्या टोंकांस धरतो. दुसरा, काम झाल्यावर तींच टोंकें कापून नव्या विषाणूंस मोकळें करतो. पक्ष्यांतील टोंकांची जोडणी एक प्रकारची व मनुष्याच्या घशांतील दुसऱ्या प्रकारची. साउथ कॅरोलायनाच्या प्रतींतील कांटा मनुष्याची जोडणी धरतो. न्यूयॉर्कच्या प्रतींत एकच पाठभेद आहे, आणि तेवढ्यानें तो दोन्ही जोडण्या धरतो. २००७ सालीं असें दिसून आलें कीं, ह्या कांट्याच्या प्रथिनांतील दोन जागा पक्ष्यांच्या वळणावर नेल्या कीं एका फेरेटाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार थांबतो.

पेशीच्या आंतील प्रकार तर आपल्या ओळखीचा आहे. पेशीच्या गाभ्यांतून प्रथिनें करण्याचे हुकूम सुटतात, त्या प्रत्येकाच्या माथ्यावर एक खूण असते. खूण नसेल तर कारखाना हुकूम सहसा मानीत नाहीं. इन्फ्लुएंझाचा नकलनवीस पेशीच्या खऱ्या हुकुमांचे माथे खुणेसकट, दहा-तेरा अक्षरें घेऊन, कापतो व ते आपल्या मजकुरास जोडतो. शिक्का अस्सल, मजकूर बनावट! जुन्या वतनाच्या तंट्यांत असले कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस आश्चर्य एवढेंच वाटेल कीं, ही युक्ति मनुष्यानें प्रथम काढलेली नाहीं.

औषधें जीं निघालीं तीं ह्या निरनिराळ्या पायऱ्यांवर. विषाणु पेशींत शिरल्यावर त्याचें वेष्टन सुटण्यास आम्ल आंत जावें लागतें. ती वाट अमांटाडीन अडवी. अमेरिकेंत तें १९६६ सालीं मान्य झालें. परंतु त्या वाटेच्या प्रथिनांतील एका जागेचा पाठभेद एवढा पसरला कीं, २००६ सालीं तेथेंच तें इन्फ्लुएंझासाठीं वापरूं नये असा सल्ला द्यावा लागला. नकलनविसाची चूक येथें त्याच्या धन्याच्या कामीं आली. १९९९ सालीं आलेलीं झानामिव्हिर व ओसेल्टामिव्हिर हीं दुसऱ्या कांट्याची कात्री बांधून ठेवितात, त्यामुळें नवे विषाणु पेशीलाच चिकटून राहतात. २०१८ सालीं जपानांत मान्य झालेलें बालोक्साव्हिर माथे कापणारें पातें निकामी करतें. करोना विषाणूच्या सांथींत, २०२१ सालीं, ब्रिटननें मान्य केलेलें मोल्नुपिराव्हिर तर नकलनविसाच्या चुकाच मुद्दाम वाढवितें, इतक्या कीं पोथी निरर्थक व्हावी. हा शेवटला मार्ग मला धोक्याचा वाटतो; चुका वाढविणारें द्रव्य आपल्याहि लेखांत हात घालणार नाहीं ना, ही शंका जाणत्यांनीं काढलेलीच आहे. १९१८ च्या लेखाचीं कांहीं पत्रें घातलेल्या विषाणूवर अमांटाडीन व कात्रीचीं औषधें चालतात, असें २००२ सालीं प्रयोगानें ठरलें.

शरीराचा स्वतःचाहि बंदोबस्त आहे. १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं इंटरफेरॉन शोधून काढलें. विषाणु लागलेली पेशी तें सोडून शेजारच्या पेशींस सावध करते. त्याच लिंडेनमाननें पुढें इन्फ्लुएंझास दाद न देणारी उंदरांची एक जात दाखविली व त्यावरून सावध पेशींतील एका रक्षक प्रथिनाचा छडा लागला. लिंडेनमान झुरिचचा. आणि २०२५ सालीं झुरिच येथेंच जुलै १९१८ मध्यें वारलेल्या अठरा वर्षांच्या एका तरुणाच्या जतन केलेल्या अवयवांतून संपूर्ण लेख प्रसिद्ध झाला; त्यांत मनुष्याच्या ह्याच रक्षकास चुकविणारे दोन पाठ पहिल्या, सौम्य लाटेंतच आढळतात. त्यापूर्वीं २०२२ सालीं बर्लिनच्या वैद्यकेतिहास संग्रहालयांतील व इतर जुन्या फुप्फुसांवरून जर्मनींतील तीन पाठ निघाले होते, एक पूर्ण व दोन त्रुटित. सौम्य लाट व मारक लाट यांतील फरक पाठांत शोधण्याची सोय यामुळें झाली.

२००५ सालीं अटलांटा येथें ह्या लेखावरून विषाणु पुन्हां जिवंत करण्यांत आला. त्यानें उंदीर थोड्याच दिवसांत मेले. हें करावयास हवें होतें काय, याविषयीं वाद झाला व तो मिटलेला नाहीं. ग्रंथ वाचणें व त्यांतील मंत्राचा प्रयोग करणें यांत मीं तरी भेद करीन. मूळ पाठ थेट पक्ष्यांतून आला हा टाउबेनबर्गर यांचा निष्कर्षहि इतरांनीं मान्य केलेला नाहीं; पाठ निश्चित झाला म्हणून त्याची उत्पत्ति निश्चित होत नाहीं.

ह्या सर्व प्रतींचीं स्थळें वाचकांनीं एकवार पाहावींत: साउथ कॅरोलायना, न्यूयॉर्क, अलास्का, बर्लिन, म्युनिक, झुरिच. आजवर प्रसिद्ध झालेल्या पूर्ण पाठांत हिंदुस्थानांतील एकहि नाहीं. आणि सर्वांत अधिक माणूस मेलें तें येथें. मुंबईच्या गोदींत उतरलेला लेख व आश्विनांत शहर ओस पाडणारा लेख यांत काय अंतर होतें, हें परदेशच्या प्रतींवरून सांगतां येणार नाहीं. आमच्याकडे प्रेतें दहन होत, हें खरें. पण इस्पितळांतून व वैद्यक शाळांतून शिक्षणासाठीं अवयव बरणींत ठेवण्याची चाल तेव्हांहि होती. जुन्या संस्था इमारती बदलतांना पिवळ्या पडलेल्या बरण्या प्रथम फेंकतात, तशी कागदांची रद्दीहि त्यांनीं फेंकलेली आपण पाहिली आहे. म्हणून विनंति अशी कीं, कोणाच्या पाहण्यांत १९१८ च्या जून ते डिसेंबर मधली तारीख असलेली फुप्फुसाची बरणी किंवा मेणांतला तुकडा आला तर तो उघडूं नये, त्यांतील पाणी बदलूं नये, आणि चिठ्ठी कितीहि जीर्ण असली तरी ती बरणीपासून सोडवूं नये.